सातव्या पानावरची सही

मुलगी तिसरीत गेली त्या वर्षी शाळेतून चिठ्ठी आली, की आता शाळेत तिसरीसाठीही कब-बुलबुल सुरू होतंय, ज्यांना आपल्या पाल्याला घालायचंय त्यांनी खाली सही करावी. मला वाटलं शाळेत पक्षी पाळणार आहेत. मुलीनेच समजावलं, की स्काउट-गाइड मोठ्या मुलांचं असतं आणि ही त्यांची धाकटी भावंडं. दहा वर्षांच्या आतले मुलगे म्हणजे कब आणि मुली म्हणजे बुलबुल. मी सही केली. माझी सही म्हणजे पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं, चौथीत शिकवलं होतं तसं. तोवर मुलगी दप्तर अडकवून दारात उभी.

दर शनिवारी शाळा सुटली की तासभर मैदानात त्यांचं चालायचं. सहा-सहा मुलींचा एक गट, त्याला षटक म्हणतात. आमची दुसऱ्या षटकात होती. तिने हे घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवत होता. तो म्हणाला, "दुसरंच षटक? मग अजून पॉवरप्ले चालू असेल." ती ताटावरून उठून गेली. त्यानंतर कितीतरी शनिवार तो टेम्पो लावून घरात शिरला, की चप्पल काढायच्या आधी विचारायचा, "काय गं, आज विकेट पडली का?"

मैदानाच्या मधोमध पुठ्ठ्याचं झाड ठेवायचे आणि सगळ्या मुली त्याच्याभोवती गोल करून गाणं म्हणायच्या. सलाम दोन बोटांनी करायचा. मोठे स्काउट तीन बोटांनी करतात, लहानांना दोनच. आणि एकमेकींशी हात मिळवायचा तो डावा. हे सासूबाईंना पटलं नाही.

"डावा कसाला? उजव्याला काय झालं?"

"आजी, डावा हात हृदयाच्या जवळ असतो."

"डावा हात कसाच्या जवल असतो ते मना म्हाईत हाय. जा, साबण लावून धुवून ये."

नुसतं नाव घातलं म्हणून कोणी बुलबुल होत नाही. आधी वचन पाठ करायचं, नियम पाठ करायचे. मोठ्यांचं ऐकायचं, स्वच्छ राहायचं, गोड बोलायचं, असे ते नियम. सलाम नीट यायला हवा, दोरीची गाठ मारता यायला हवी, आणि रोज एक सत्कृत्य करायचं. हे सगळं जमलं की बाई दीक्षा देतात, वचन म्हणवून घेतात आणि बिल्ला लावतात. तोपर्यंत गळ्यात स्कार्फ असला तरी मुलीने गोलाच्या बाहेर उभं राहायचं आणि आतल्यांचं गाणं ऐकायचं. आमची मुलगी जून संपल्यापासून बाहेर उभी होती. तिला ते बाहेर उभं राहणं फार लागायचं. रात्री गोधडीत तोंड घालून ती ते गाणं म्हणायची, कारण मैदानात म्हणायची परवानगी नव्हती.

सत्कृत्याची आठवण राहावी म्हणून स्कार्फच्या टोकाला सकाळी एक गाठ मारायची आणि काम झाल्यावर सोडायची. ही गाठ सासूबाईंनी पाहिली. आमच्याकडे पदराला अशी गाठ मारतात ती नवस बोलल्याची. त्यांनी नातीला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच विचारलं, "कसाचा नवस बोललीस गो?"

"सत्कृत्याचा."

त्यांना तो शब्द कळला नाही. शाळेतली मोठी परीक्षा असेल असं समजून त्या तशाच उठल्या आणि देवीला नारळ ठेवून आल्या. संध्याकाळी मुलीने वॉचमनची बाटली पाण्याने भरून दिली आणि गाठ सोडली. सासूबाई मला म्हणाल्या, "बघ, लगेच पावली." दुसऱ्या दिवशी सकाळी स्कार्फला पुन्हा गाठ. सासूबाईंनी पुन्हा नारळ ठेवला. चार दिवसांनी मात्र त्या वैतागल्या. "ही पोर देवीकडं रोज काय मागते? देवीला बाकीची कामं न्हाय का?" मग मी त्यांना काय ते सांगितलं. त्यांना नारळांचं वाईट वाटलं नाही, पण नात काही मागत नव्हती याचं थोडं वाईट वाटलं असावं.

दिवाळीनंतर बाईंनी प्रत्येक नव्या मुलीला एक छोटी वही दिली. तिला सातच पानं, प्रत्येक पानावर बाईंनी स्वतः आकडा घातलेला. एका पानावर एक सत्कृत्य लिहायचं, आणि ज्याला मदत केली त्याची खाली सही घ्यायची. पेनाने लिहायचं, खोडायचं नाही, पान फाडायचं नाही. सात सह्या झाल्या की दीक्षा. घरातल्या माणसांची सही चालणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगमधल्या माणसांना जिना उतरणं कठीण झालं. कोणाच्या हातात पिशवी दिसली की आमची मुलगी ती धरायची. तिसऱ्या मजल्यावरचे काका बिनपिशवीचे फिरायला निघाले होते, तर तिने त्यांची काठी उचलून खालपर्यंत नेली आणि काका कठडा धरून तिच्या मागे आले. सही त्यांनी केली, पण दुसऱ्या दिवसापासून ते आधी दाराच्या फटीतून बघायचे. वॉचमनने दुसऱ्यांदाही सही करायची तयारी दाखवली, ती हिने घेतली नाही, कारण माणूस तोच नको. मासे विकायला येणाऱ्या मावशींच्या टोपलीजवळ ती मांजरं हाकलत अर्धा तास उभी राहिली. मावशींना लिहिता येत नव्हतं. त्यांनी अंगठा शाईत बुडवला आणि उमटवला, आणि त्या पानाला अजून बोंबलाचा वास येतो.

अशा सहा सह्या झाल्या. सातवीची गोष्ट सांगायची तर आधी गच्चीचं सांगायला हवं.

आमची बिल्डिंग मुर्ध्याला, सासऱ्यांचं जुनं घर होतं त्याच जागेवर आहे. खालच्या मजल्यांवर आम्ही गावातली तीन-चार घरं, वर सगळे बाहेरून राहायला आलेले, बहुतेक गुजराती-मारवाडी. गच्चीची वाटणी तोंडीच झाली होती. पाण्याच्या टाकीच्या खाडीकडच्या बाजूला आमची सुकट आणि जवळा, म्हणजे जिऱ्याएवढी बारीक कोळंबी, रस्त्याकडच्या बाजूला त्यांचे पापड. आठ वर्षं हे सुरळीत चाललं होतं. वारा खाडीकडून येतो, हे वाटणी करताना कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण नाकावर हात ठेवून का होईना, सगळे निभावून नेत.

चौथ्या मजल्यावर एक जैन बा राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मुलगा दुकानात, सून ऑफिसात. त्यांच्या घरी कांदासुद्धा शिजत नाही. जिन्यात भेटल्या की त्या मला "केम छो" म्हणायच्या आणि मी "मजामां" म्हणायचे. आठ वर्षांत यापुढे आमचं बोलणं गेलं नव्हतं. पुढचं काय म्हणायचं असतं ते मला माहीत नव्हतं.

त्या रविवारी बांनी खिचिया, म्हणजे तांदळाच्या उकडीचे पापड, वाळत घातले होते. आमच्या बाजूला जुन्या चादरीवर सासूबाईंचा जवळा. कावळे राखायला मुलीला वर बसवलं होतं. अकराच्या सुमारास वारा सुटला आणि बांच्या प्लॅस्टिकचं एक टोक उडायला लागलं. आमच्या मुलीने धावत जाऊन सगळे खिचिया गोळा केले आणि उडणार नाहीत अशा जागी ठेवले, म्हणजे आमच्या चादरीवर, कारण तिच्या कडांना विटा होत्या. मग चारही टोकं उचलून आदल्याच दिवशी शिकलेली गाठ मारली, वही काखेत धरली आणि गाठोडं फरपटत चौथ्या मजल्यावर नेलं. जाताना तिने जिन्यातून मला हाक मारली, की मी सही घेताना बघावं. पीठ लागलेल्या हातांनी मी वर पोचले तेव्हा बांनी दार उघडलं होतं.

"बा, तुमारा पापड उड रहा था. मैंने बचाया."

बांचा चेहरा उजळला. तिच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांनी गाठ सोडली. गाठ उत्तम बसली होती, सोडायला वेळ लागला. आत खिचिया ओलसरच होते, आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी जवळा चिकटला होता, तीळ लावल्यासारखा.

बा म्हणाल्या, "जीरा ज्यादा पड गया लगता है." मग त्यांनी चष्मा लावला. एक खिचिया डोळ्यांजवळ नेला. जवळ्याला बारीक काळे डोळे असतात. थोडा वेळ बा त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि ते बांकडे.

"जीरे को आंख नहीं होती," बा म्हणाल्या. खिचिया अलगद परत ठेवला, हात पुढे धरून, कशालाही न लावता, त्या आत गेल्या, आणि कोपराने दार लोटलं. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

मुलगी वही उघडून उभीच. मी ती वही पाहिली. सातव्या पानावर तिने गच्चीवरच, खाली यायच्या आधी, पेनाने लिहून टाकलं होतं: मी वाऱ्यापासून बांचे पापड वाचवले.

दीक्षा पुढच्या शनिवारी होती. पान फाडता येत नव्हतं, खोडता येत नव्हतं, आठवं पान नव्हतं. म्हणजे बांची सही मिळाली तर आमची मुलगी गोलात जाणार, नाहीतर बाकीच्या मुली आत आणि ही वर्षभर बाहेर.

नवरा म्हणाला, "त्यात काय, गुजरातीत सही म्हणजे वरची रेघ नाही काढायची. आण, मी करतो."

मुलगी रडायला लागली. सासूबाई तळणाच्या कढईजवळून ओरडल्या, "पोरीला खोटं शिकवतो? लाज न्हाय?" गाठोडं आमच्याकडेच परत आलं होतं आणि त्या त्यातलेच खिचिया तळत होत्या. टाकून देणं त्यांच्या जिवावर आलं होतं. एक खाऊन बघितला आणि म्हणाल्या, "असा पापड बाजारात न्हाय मिलत." आठवडाभर त्या भातासोबत तेच खात होत्या, आणि मला सारखं वाटायचं की कुरकुर आवाज चौथ्या मजल्यापर्यंत जातोय.

बांकडे मी जायचं असं ठरलं. कोणी ठरवलं ते आठवत नाही, पण नवरा कामावर गेला आणि सासूबाईंनी पाय दुखतात म्हणून सांगितलं. सोमवारी सकाळी मी तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन आले. दुपारी चौथ्यापर्यंत गेले. संध्याकाळी बेल दाबली. बांनी दार उघडलं, आणि मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले.

"आपके यहां पानी आया क्या?" मी विचारलं.

"आया," बा म्हणाल्या.

"हमारे यहां भी आया," म्हणाले आणि खाली आले.

मुलीने विचारलं, "सही?" मी म्हटलं, "उद्या."

मंगळवारी तिलाच सोबत नेलं. या वेळी बांनी आम्हाला दारात बसवलं, वही मागितली आणि म्हणाल्या, "पढ के सुना. मराठी थोडी समझती हूं, पढना नहीं आता." मी वाचलं. बांनी पुन्हा वाचायला लावलं.

"बचाए?" त्या म्हणाल्या. "किधर बचाए? ये तो झूठ है. झूठ के नीचे मैं सही नहीं करती बेटा. तेरे पे गुस्सा नहीं है. लेकिन झूठ है."

मुलीने मान खाली घातली. बांचं खरं होतं. एवढ्या वेळात मला एकदाही वाटलं नव्हतं की अडचण जवळ्याची नसून 'वाचवले' या शब्दाची आहे.

बांनी वही मिटून मुलीच्या हातात दिली. मग म्हणाल्या, "कल छुट्टी है ना स्कूल को? दोनों आओ. नहा के आना. नए बनाएंगे. फिर देखते हैं क्या लिखना है."

बुधवारी आम्ही दोघी डोक्यावरून आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून गेलो. सासूबाईंनी जाताना आमचे दोघींचे हात हुंगून बघितले आणि मग सोडलं. बांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच पाय ठेवला. पाणी उकळलं, त्यात पापडखार, जिरं, वाटलेली मिरची. मग तांदळाचं पीठ टाकून लाटण्याने घोटायचं. घोटायचं काम बांनी मला दिलं. भाकरीची उकड काढणाऱ्या हाताला ते अवघड नव्हतं. बा माझ्या मनगटाकडे बघत म्हणाल्या, "हाथ अच्छा है तेरा. कितनी चोपडी पढी तू?"

चोपडी म्हणजे इयत्ता. मी म्हटलं, "चार."

"मैं भी चार," बा म्हणाल्या. "दोनों मिलके आठ हो गया. बहुत है."

मला हसू आलं आणि लाटणं थांबलं. "रुक मत, गुठली होगी," बा म्हणाल्या.

वाफवलेल्या गोळ्यातला थोडा त्यांनी वाटीत घालून, वर तेल आणि मसाला टाकून मुलीला दिला. ती वाटी संपली. दुसरी संपली. तिसरी मागताना मी डोळे वटारले, तर बा म्हणाल्या, "खाने दे, इसमें आंख नहीं है." त्यानंतर मुलीने खिचिया दाबायला घेतले. पहिले चार भराभर दाबले, ते फाटले. बांनी तिचा हात धरला, "धीरे, गाडी छूट नहीं रही." पुढचे बरे आले. दुपारी ते गच्चीवर घातले. सासूबाईंनी त्या दिवशी स्वतःहून जवळा वर नेला नाही. खुर्ची घेऊन मात्र गेल्या आणि बांच्या पापडांचे कावळे राखत बसल्या. बा वर आल्या तेव्हा त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची ठेवली. दोघींना एकमेकींचं बोलणं किती कळलं देव जाणे, पण सुनांबद्दल चाललं होतं एवढं मला जिन्यातून कळलं.

शुक्रवारी संध्याकाळी वाळलेले खिचिया डब्यात भरून झाल्यावर वही पुन्हा निघाली. बांनी सांगितलं, आणि मुलीने त्या वाक्याच्या खाली लिहिलं: वाचवले नाहीत. जवळ्यात घातले. मग मी आणि आईने बांबरोबर नवीन केले. मी मोठ्याने वाचून दाखवलं. बांनी मान डोलावली, पेन घेतलं आणि सही केली. मग सहीच्या वर हळूहळू एक ओळ गुजरातीत लिहिली.

मी विचारलं, "क्या लिखा, बा?"

"दानत सारी, पण उतावळ बहु. मराठी में क्या बोलते हैं?"

"तेच," मी म्हटलं. "वही बोलते हैं."

शनिवारी पालकांना बोलावलं होतं. मैदानात आम्हा आयांसाठी खुर्च्या होत्या. मी शेवटच्या रांगेत कडेची धरली. एकेका मुलीला बोलावून बाई तिची वही चाळत, सातवं पान मोठ्याने वाचत, मग वचन म्हणवून घेत. कोणी शेजारच्या आजींना औषध आणून दिलं होतं, कोणी माळीकाकांच्या झाडांना पाणी घातलं होतं. आमच्या मुलीचं पान बाईंनी वाचलं. 'वाचवले'पर्यंत सगळे शांत होते. 'जवळ्यात घातले' आलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या खुर्च्या हलायला लागल्या. बाईंनी हसू आवरलं आणि पानाकडे बघून म्हणाल्या, "खाली गुजरातीत काहीतरी लिहिलंय. कोणाला वाचता येतं का? मला कळल्याशिवाय पान पूर्ण धरता येणार नाही."

कोणी हात वर केला नाही. मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले.

"माझ्या आईला माहितीये," मुलगी म्हणाली.

सगळ्या माना मागे वळल्या. मला उठावं लागलं. आयुष्यात मी एवढ्या लोकांसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. माझ्या लग्नातसुद्धा उखाणा नणंदेने सांगितला होता. मी म्हटलं, "दानत सारी." आवाज पोचला नाही. पुन्हा म्हटलं, "दानत सारी. म्हणजे दानत चांगली आहे, मुलीची."

"अरे वा," बाई म्हणाल्या. मी बसले. खरंच, बसले तेव्हा मला वाटलं की झालं, सुटलो. बाकीचं अर्धं कोणाला वाचता येणार होतं?

बाई पान उजेडाकडे धरत म्हणाल्या, "ओळ जरा मोठी दिसतेय."

मुलगी गोलाच्या बाहेर उभी होती, हात शिवणीला लावून, जसं उभं राहायचं असतं तसं. माझ्याकडे नुसती बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते. पुढचं अर्धं तिने बांच्या तोंडून माझ्यासोबतच ऐकलं होतं.

मी परत उठले. "पण उतावळ फार," म्हटलं. "असं पुढे आहे."

सगळं मैदान हसलं. बाईसुद्धा हसल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी पानावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हे माझ्या अख्ख्या शाळेला लागू आहे. ये आत."

ती आत आली ती पळतच, आणि पुठ्ठ्याचं झाड पाडलं. दोन मुलींनी ते उभं केलं, तोवर तिचं वचन निम्मं म्हणून झालं होतं. बाईंनी तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. मग बिल्ला लागला, आणि गाणं सुरू झालं. त्या सगळ्यांत तिचा आवाज मला ओळखता आला, कारण ती बाकीच्यांच्या एक शब्द पुढे होती.

येताना रिक्षात ती बिल्ल्यावर बोट फिरवत बाहेर बघत होती. मी म्हटलं, "मिळाला ना आता? मग तोंड का असं?"

"तू अर्धंच सांगितलंस."

"पुढचं सांगितलं की नंतर."

"बाईंनी विचारल्यावर."

"मला भीती वाटली गं, तुला घेतील की नाही."

तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं, बा तिला थोपटतात तसं, आणि म्हणाली, "जाऊ दे. पण तू बुलबुल असतीस ना आई, तर आज तुला बिल्ला मिळाला नसता."

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला आणि मुर्धा येईपर्यंत बाहेर बघत बसले.